डावीचं अख्खं जॅकेट

डावी कापडाच्या दुकानातून घरी आली ती जवळजवळ पळतच. जिन्यात दम लागला, पण ती थांबली नाही. दोन्ही हातांनी पुडकं छातीशी धरलेलं, त्यामुळे बेल दाबायला हात मोकळा नव्हता. तिनं कोपरानंच दार धडधडा वाजवलं. आतून नवरा चष्मा सावरत आला.

"काय गं, आग लागली की काय कुठे?"

"मिळालं!"

"काय मिळालं?"

"अहो, कापड!"

नवरा बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. भर रस्त्यात म्हैस आडवी आली तरी हॉर्न न वाजवणारा शांत माणूस. त्यानं दार पुरतं उघडलं, बाजूला झाला आणि मोठ्या गाडीला द्यावी तशी बायकोला वाट दिली. डावीनं पुडकं टेबलावर टाकून दोरी तोडली आणि कापड सर्रकन उलगडलं.

कापड होतंच तसं. सुती, पातळ, पण वीण दाट. वारा अडवणारं, तरी अंगाला जड न होणारं. रंग कोवळ्या मटारचा. सुलट बाजूला किंचित चमक. उलट बाजू मात्र धुऊन धुऊन विटल्यासारखी मळकट. दुकानदारानं कोपऱ्यातून तो तुकडा ओढला तेव्हाच डावीनं त्यावर हात ठेवला होता. "मावशी, एवढंच उरलंय हं, ताग्याचा शेवट आहे," तो सांगत होता, आणि मावशींचं लक्ष होतं कुठे? पुरेल का, एवढंसुद्धा त्यांनी धड विचारलं नाही.

थंडी सरत आली होती. जाड कोट घालून निघावं तर कोपऱ्यावर पोचेपर्यंत घामाघूम, आणि कोट घरी ठेवावा तर संध्याकाळी दातावर दात वाजायचे. अशा दिवसांत हवं ते एक हलकं जॅकेट, बिनअस्तराचं, चेन ओढली की ऊब आणि उघडली की वारा. असलीच जॅकेटं डावीच्या हाताखालून उभा जन्म गेली होती. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र तिच्या हातचं एकही चढलं नव्हतं.

तिला डावी का म्हणतात हे आधी सांगून टाकलेलं बरं. ती डावखुरी नाही. कात्री उजव्या हातानं धरते, आणि नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचा झाला तर तोही उजव्याच हातानं. पण ती होती जॅकेटच्या कारखान्यात आणि तिथे तिचं काम एकच, डावी बाही लावणं. कारखान्यात अख्खं जॅकेट कुणीच शिवत नाही. एकीनं कॉलर करायची, एकीनं खिसे. डावीनं डावी बाही लावून नग टेबलावरून समोर ढकलायचा. समोर तोंडाला तोंड करून बसलेली तिची मैत्रीण दुसरी बाही लावायची. ती अर्थातच उजवी. पुढे कुणी चेन लावायचं, आणि सगळ्यांत शेवटी चेकरबाई. त्या नग आतून-बाहेरून तपासायच्या आणि चूक सापडली की तिथे लाल कागदाचा बाण चिकटवायच्या. मग तो नग हातोहात मागे, जिची चूक तिच्या पुढ्यात. चूक नसली तर खोक्यात, खोका गाडीत, आणि गाडी कुठे जायची ते देवाला ठाऊक. म्हणजे हातातून गेलेला नग परत आला की समजायचं, आपलं काहीतरी बिनसलंय.

मुलगी लहान असताना एकदा मोठ्या दुकानाच्या काचेत तिला त्यांच्याच कारखान्यातलं जॅकेट दिसलं होतं. आईचा हात ओढत ती म्हणाली, "आई, हे तू शिवलंस?" डावी फुशारून म्हणाली, "मग! ही बाही बघ, मी लावली." पोरीनं विचारलं, "आणि बाकीचं?" डावीनं पोरीला फुगा घेऊन दिला आणि विषय मिटवला. मुलगी आता औषधांच्या दुकानात नोकरी करते, तिला त्यातलं काही आठवतही नाही. डावीला मात्र ते 'बाकीचं' अजून मनात टोचायचं.

कारखान्यातली नोकरी सुटल्यावरही लाइनमधल्या बाया दर वर्षी थंडी सरताना एका रविवारी बागेत जमत. गेल्या खेपेला गप्पा रंगल्या असताना कॉलरवाली म्हणाली, "एवढी जॅकेटं केली आपण, पण एखादीनं तरी अख्खं शिवलंय का गं?" एकीनंही शिवलं नव्हतं. आणि डावीच्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वेळी मी येते की नाही बघा, माझ्या हातचं अख्खं जॅकेट घालून!"

उजवी खो खो हसली. "तू? अगं, तू तर अर्ध्या जॅकेटची बाई. अर्धं तरी कुठलं, एका बाहीची!"

"नाही आले तर जन्मभर मला अर्धी म्हणा."

"पण सगळं एकटीनं हं. कुणाचा हात लागता कामा नये."

"एकटीनं!"

"म्हणू मग अर्धी," चेकरबाई म्हणाल्या. चेकरबाई कधी थट्टा करत नसत, पंचाईत होती ती हीच. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी नवऱ्या मुलाच्या कोटाची शिलाई उलटून बघणाऱ्या त्या बाई. एकदा म्हणाल्या की म्हणाल्या.

नंतर वर्ष कसं गेलं ते कळलंच नाही. मनासारखं कापड मिळेना, आणि घरात मशीनही नव्हतं. दिवसभर मशीनपुढे बसून आल्यावर घरी पुन्हा तोंड कशाला बघायचं त्याचं, असं डावीच म्हणायची. शेवटी नवऱ्यानं आपल्या बहिणीचं मागून आणलं. नणंदेचं मशीन नणंदेसारखंच निघालं. आधी बोलायला तयार नाही, आणि एकदा लागलं की थांबायचं नाव नाही. आता रविवार तीन दिवसांवर आला होता. कापड होतं, मशीन होतं, मुलीनं आणून दिलेले कापड कापायच्या नमुन्याचे कागद होते, आणि डावीच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जेवणाचं टेबल रिकामं करून पुसून काढलं. "मला आज हाक मारायची नाही. भूक लागली तर भात लावून घ्या. मीठ कुठे आहे तेही विचारायचं नाही."

"मीठ कुठे आहे?" नवऱ्यानं विचारलं आणि धपाटा खाल्ला.

कापड कापणं तिनं आयुष्यात केलं नव्हतं. कारखान्यात सगळं कापूनच यायचं, गठ्ठ्यानं. पाठीचा भाग कापून वेगळा झाला तेव्हा ती स्वतःशीच हसली. पाठ आणि पुढचे भाग कापड दुहेरी घालून झाले. बाह्यांची पाळी आली तोवर कापड असं काही उरलं होतं की दुहेरी घालायला रुंदी पुरेना. मग तिनं बाहीचा कागद एकेरी कापडावर ठेवला, खडूनं आखून कापड कापलं, जुळणीच्या खुणेसाठी पुढे-मागे खाचा पाडल्या. कागद उचलून शेजारी तसाच ठेवला, पुन्हा तसंच आखून कापलं. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. काठाला काठ आणि खाचेला खाच! गठ्ठ्यातून काढल्यासारख्या तंतोतंत सारख्या! डावीनं चक्क टाळी वाजवली.

"अहो, बघा तरी! केसाचा फरक नाही!"

नवऱ्यानं पेपरातून मान वर काढली. "वा! झकास!" त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गंमत अशी की, जिनं उभा जन्म बाह्यांत घालवला तिलाही त्या घटकेला कळलं नाही.

मग मशीन सुरू झालं आणि डावीला कशाचीच शुद्ध राहिली नाही. कॉलर उलटून टोक बाहेर काढताना तिला कॉलरवाली आठवली; ती बोलता बोलता, न बघता टोक काढायची, आणि इथे डावीची जीभ बाहेर आली तरी टोक येईना. "कसं करायची गं बाई ती!" असं पुटपुटत तिनं ते विणकामाच्या सुईनं हळूहळू बाहेर ढकललं. पहिला खिसा लावला तो जरा तिरका गेला; उसवला, पुन्हा लावला. खिसेवालीला आपण उगीच मंद म्हणायचो, असं तिला वाटलं. प्रत्येक टिपेबरोबर लाइनमधली एकेक बाई जणू शेजारी येऊन बसत होती आणि डावी मनातल्या मनात तिची माफी मागत होती, पण तीही हसत हसत.

दुसरा खिसा झाला. तिनं दोरा तोडला आणि जॅकेट टेबलावरून समोर ढकलून दिलं. समोर नवरा चहा पीत होता. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडावा तसा त्याचा हात कप घेऊन वर गेला, म्हणून कापड वाचलं.

"हे माझ्याकडे कशाला?"

"अगं बाई! सवय हो, सवय." तिनं जॅकेट ओढून घेतलं. खांदे जोडून झाले आणि पुन्हा ढकललं. नवऱ्यानं या वेळी कप आधीच खिडकीत ठेवला होता. "इथल्या स्टॉपवर काय लावायचं असतं ते तरी सांग," तो म्हणाला, "बसल्या बसल्या लावतो."

डावी बाही लावायला घेतली तेव्हा मात्र बघत राहावं. ना टाचणी, ना कच्चा दोरा. बाहीचा घेर मुंढ्याच्या, म्हणजे ती जिथे जोडायची त्या भोकाच्या, घेरापेक्षा जरा मोठा असतो, तो जास्तीचा भाग चुणी न पडू देता आत जिरवायचा असतो. नवख्या बायका तिथेच रडकुंडीला येतात. डावीची बोटं आपली आपण चालत होती. नणंदेचं मशीनसुद्धा मुकाट्यानं चाललं. खांदा असा गोल बसला की नवऱ्यानंही पेपर खाली ठेवला.

दुसरी बाही मात्र काही केल्या बसेना. इकडे ओढली तर तिकडे फुगे, तिकडे दाबली तर इकडे चुणी. आपला हात उजवीकडे बसला नाही एवढंच, असं म्हणत तिनं ती रेटून लावली. तेवढ्यात मुलगी कामावरून आली. आल्या आल्या चपलाही न काढता तिनं जॅकेट अंगात घातलं.

"आई, कसलं हलकंय! आणि रंग तर..." ती थांबली. "आई, माझा हात मागे का चाललाय?"

खरंच, डावा हात झोकात लोंबत होता आणि उजवा पोलिसानं पिरगाळून धरल्यासारखा पाठीकडे. डावीनं जॅकेट उतरवलं, उलटं केलं, खिडकीशी नेलं. पुढची खाच मागे, मागची पुढे. तिनं बाहीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाहीवरून फिरवलं आणि तिथेच खाली बसली.

"काय झालं?"

"डावीच आहे."

"कोण?"

"ही पण. दोन्ही डाव्या कापल्या मी."

कारखान्यात तिच्यापुढे गठ्ठा यायचा तो डाव्या बाह्यांचाच. एकीवर एक ठेवल्या की सगळ्या सारख्या दिसायच्या. तिच्या डोळ्यांना सारखी म्हणजे बरोबर, एवढंच माहीत. डावी-उजवीची जोडी एकमेकींवर ठेवली तर तशी जुळत नाही, एक पालथी घालावी लागते, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. उजव्या बाह्यांचा गठ्ठा टेबलाच्या पलीकडे असायचा. कोणत्याही साध्या शिंप्यानं ही चूक केली नसती. ही चूक करायला तिच्याइतकी वर्षं घालवावी लागतात.

नवऱ्यानं हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण नाकातून आवाज निघालाच. मग मुलगी फुटली, आणि मग डावीही. हसता हसता पुरेवाट झाली तिघांची. पण नंतर ओट्याशी भांडी विसळताना 'एका बाहीची बाई' हे शब्द तिच्या कानात वाजायला लागले आणि तिला भयंकर लाज वाटली. उजवी खरंच बोलली होती तर.

सकाळी ती दुकान उघडायच्या आधीच दारात उभी. दुकानदारानं हात वर केले. तागा संपला होता, त्या रंगाचं दुसरं काही नव्हतं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, त्या बाहीची उलट बाजू बाहेर घे ना. मग ती आपोआप उजवी होईल."

"आणि एक हात नवा, एक हात विटका? चेकरबाई मलाच बाण चिकटवतील."

"मग आपण तसलंच एक विकत आणू. कुणाला कळणार?"

"मला कळेल!" डावी इतक्या जोरात म्हणाली की मुलगी डबा घेऊन मुकाट कामावर गेली.

डावीनं उरलेल्या चिंध्या जमिनीवर पसरल्या. अख्खी बाही निघेल असा एकही तुकडा नव्हता. ती उसवलेली दुसरी बाही हातात घेऊन बसून राहिली. वरचा गोलवा बघितला, खाली मनगटापर्यंत बघितलं, पुन्हा वर. आणि एकदम ताठ झाली. अरे! कोपराखाली बाहीला डावं-उजवं असतं कुठे? तिथे दोन्ही बाजू सारख्याच. भांडण सगळं वर, खांद्यापाशी! म्हणजे खालचा भाग आहे तसा ठेवायचा, वरचा तेवढा नवा कापायचा, आणि वरच्या भागापुरता तुकडा... तिनं गुडघ्यांवर रांगत सगळ्या चिंध्या धुंडाळल्या. होता! जेमतेम होता!

"मिळालं!"

"आता काय मिळालं?" नवरा न्हाणीघरातून साबणाच्या तोंडानं ओरडला.

"उजवी बाही!"

या खेपेला तिनं कागद पालथा ठेवला. ठेवून सगळीकडून बघितला, नवऱ्याला बोलावून दाखवला, आणि मगच कात्री लावली. कोपराच्या वर सांधा आला. तिनं तो इस्त्रीनं दाबून इतका सपाट केला की बोट फिरवलं तरच कळावं.

पण बाही होणं वेगळं आणि लागणं वेगळं. डावीचे हात उजवी बाही ओळखेनात. पहिल्यांदा लावली, चुण्या पडल्या. उसवली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा चुण्या, आता नेमक्या खांद्यावर. उसवल्यावर तिनं कापड उजेडात धरलं. पातळ कापड, सुईची भोकं दिसायला लागली होती. आणखी एकदा लावता येईल. त्यानंतर कापडच टिकणार नाही. आणि उद्या रविवार.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. समोर टेबल, टेबलापलीकडे नवऱ्याची रिकामी खुर्ची. नवरा दूध आणायला गेला होता. उभा जन्म ती अशीच बसली होती, आणि समोर उजवी. रोज, पावसापाण्यात, आजारपणात, भांडण झालेलं असताना सुद्धा. बोलायला बंदी असायची, मान वर केली की दिसायचे ते उजवीचे हात. डावीनं डोळे बारीक केले. हात दिसायला लागले. लावायच्या आधी उजवी बाहीच्या गोलव्यावर अंगठ्याच्या मागच्या बाजूनं हलकेच ठोकायची, पाळण्यातल्या पोराला थोपटावं तसं. सुरुवात काखेतून करायचीच नाही. पाठीच्या खाचेपासून करायची. डाव्या हाताचं मधलं बोट कापडाखाली, आणि ते कापड ढकलायचं नाही, नुसतं वाट दाखवायचं.

नवरा दूध घेऊन आला तर बायको टेबलाभोवती फेऱ्या घालतेय.

"मशीन फिरवून द्या."

"म्हणजे?"

"तोंड तुमच्या खुर्चीकडे करा. मी तिकडे बसणार आहे."

"मशीन फिरवलं की बाही उजवी होते?"

"होते."

"म्हणजे रिव्हर्स घेतेयस," नवरा म्हणाला आणि मशीन उचललं.

डावी त्या हातांच्या जागी जाऊन बसली. बाहीच्या गोलव्यावर अंगठ्यानं थोपटलं. पाठीच्या खाचेवर सुई टेकवली. मधलं बोट कापडाखाली सरकवलं आणि श्वास रोखून मशीन सुरू केलं. कापड चालायला लागलं. खांदा आला, आणि चुणी नाही. पुढची खाच आली, खाचेला खाच मिळाली. काख गाठली. जिथून निघाली होती तिथे टीप परत येऊन मिळाली. तिनं दोरा तोडला आणि तिच्या हातानं जॅकेट सवयीनं समोर ढकललं. ते टेबलावरून घसरत जाऊन तिच्याच रिकाम्या खुर्चीत पडलं.

"झालं?" नवऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"झालं! अहो, झालं!" आणि ती त्या वयात, त्या गुडघ्यांनिशी, खुर्चीभोवती नाचली. उरलेलं चेनचं काम तिनं गाणं गुणगुणत संपवलं. चेन लावणारीची मात्र माफी मागायची राहून गेली.

रविवारी हवा अगदी जॅकेटसाठी केल्यासारखी होती, ऊन कोवळं आणि वारा गार. डावी रस्ताभर चेन वर करत होती आणि खाली करत होती. नवरा बागेच्या फाटकापर्यंत सोडायला आला. "घाबरू नकोस," तो म्हणाला, "अर्धी होऊन आलीस तरी घरात घेईन."

बाकांवर सगळ्या जमल्या होत्या. कुणी ठरवलेलं नसूनही बसल्या होत्या लाइनप्रमाणेच. आधी कॉलरवाली, मग खिसेवाली, समोरच्या बाकावर उजवी, आणि टोकाला चेकरबाई. डावी दिसताच कॉलरवाली ओरडली, "घातलंय! अगं बाई, खरंच घातलंय!" मग काय, तिला धड बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या जॅकेट अंगातून उतरवलं आणि ते लाइनला लागलं.

कॉलरवालीनं फक्त कॉलर बघितली. "टोक जरा बोथट आहे. पण बसलीये बरं का छान." खिसेवालीनं दोन्ही खिशांत हात घालून आत मुठी उघडल्या-मिटल्या आणि मान डोलावली. तिथून जॅकेट समोर उजवीच्या हातात गेलं.

उजवीनं डाव्या बाहीकडे बघितलंच नाही. ती चांगलीच असणार. तिनं उजवी बाही उलटी केली, खांद्यावरून बोट फिरवत काखेमागच्या खाचेपर्यंत आली आणि तिचं बोट थांबलं. तिनं जॅकेट डोळ्यांजवळ नेलं.

"ही कुणी लावली?"

"मी."

"खोटं बोलू नकोस. ही माझी बाही आहे."

"तुझी कशी असेल? मी लावली म्हणते ना."

"मग हे काय?" उजवीनं त्या खाचेपाशी टीप सगळ्यांना दाखवली. टीप संपताना सरळ संपली नव्हती. आत वळून तिचा बारीकसा आकडा झाला होता. "हा आकडा मी काढते. सगळ्या कारखान्यात मी एकटी काढायचे. सुपरवायझरनं किती वेळा झापलंय मला त्यावरून. आणि तू तर त्याला विंचवाची नांगी म्हणायचीस!"

डावीनं वाकून बघितलं. आकडा होता. आपण तो कधी काढला, तिला पत्ताच नव्हता.

"समोरच बसायचीस ना," ती म्हणाली. "दिसत राहायचं मला."

"एवढी वर्षं माझे हात बघत होतीस?"

"मग दुसरं काय बघणार होते? सुपरवायझरचं तोंड?"

बाया हसल्या. उजवीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ती लगेच भांडायला उठली. "म्हणजे एक बाही माझी ठरली! मग अख्खं हिनं एकटीनं कुठे शिवलं? सांगा, चेकरबाई! ठरल्याप्रमाणे अर्धी म्हणायचं की नाही?"

जॅकेट चेकरबाईंच्या मांडीवर गेलं. डावी हसायचं विसरली. चेकरबाईंनी चष्मा बदलला. बाहेरून बघितलं, उलटं करून आतून बघितलं, चेन वरखाली केली. उजव्या बाहीवरून उतरताना त्यांचं बोट कोपराच्या वर थबकलं.

"सांधा आहे."

"हो," डावी म्हणाली.

"काय झालं होतं?"

"दोन्ही डाव्या कापल्या होत्या."

कुणीही हसलं नाही. या बायकांना ती चूक उलगडून सांगावी लागली नाही. चेकरबाईंनी सांध्यावरून पुन्हा एकदा बोट नेलं, मग पर्स उघडली. डावी पर्सच्या तोंडाशी वाकली. बाण अजून बाळगतात की काय या? पण पर्समधून निघाली छोटी कात्री. चेकरबाईंनी काखेमागच्या आकड्याशी लोंबणारा दोरा कापून टाकला, जॅकेटची घडी केली, आणि ते उजवीच्या हातात दिलं. उजवीनं खिसेवालीला दिलं, खिसेवालीनं कॉलरवालीला, आणि हातोहात मागे येत येत ते डावीच्या पुढ्यात पडलं.

परत आलं होतं. डावीनं घाईघाईनं घडी मोडली. कॉलर बघितली, खिसे बघितले, दोन्ही मुंढे बघितले, चेनच्या मागे बघितलं.

"काय शोधतेयस?" चेकरबाईंनी विचारलं.

"बाण. कुठे लावलाय?"

"नाही लावला."

"मग परत का पाठवलंत?"

चेकरबाईंनी कात्री पर्समध्ये टाकली. "अगं, तुझं आहे ते," त्या म्हणाल्या. "तुला नाही द्यायचं तर काय खोक्यात घालायचं?"

डावीनं जॅकेट झटकलं. वारा सुटला होता. तिनं आधी डावा हात घातला. मग मागे हात नेऊन दुसरी बाही चाचपडायला लागली, तेवढ्यात उजवीनं उठून ती धरली.

"घाल," उजवी म्हणाली. "अख्खं घाल."